दुसऱ्याच्या हातची हळद

हळदीला फुलं येतात. पानांमधून फिकट कणीस वर येतं, त्यात पिवळी फुलं उमलतात आणि गोष्ट तिथेच थांबते. बी सहसा धरत नाही. आपल्या शेतातल्या हळदीत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात, त्यामुळे तिचा वंश बियांतून चालत नाही. कुणीतरी बेणं म्हणून गड्डे राखायचे, अक्षय तृतीयेच्या सुमाराला ते मातीत लावायचे, तेव्हा कुठे पुढची पिढी उगवते. कृष्णाकाठची सांगली घ्या, हिंगोलीतलं वसमत घ्या की वर्ध्याकडचं वायगाव. शेतात उभं असलेलं हळदीचं प्रत्येक रोप कुणाच्या तरी हातानं लावलेलं असतं. तो हात एका हंगामापुरता आखडला तर त्या शेतातली हळद संपली.

विधीतली हळदही अशीच दुसऱ्याच्या हातावर जगते. लग्नात नवरा किंवा नवरी स्वतःच्या अंगाला हळद लावून घेत नाही. आंब्याच्या पानानं आधी पाय, मग गुडघे, खांदे, कपाळ, असं ती दुसऱ्यांनी लावायची. नवऱ्याची उष्टी हळद नवरीकडे जाते आणि दोन अनोळखी देह एका वाटीतल्या लेपानं जोडले जातात. एकदा हळद लागली की वेशीबाहेर जायचं नाही, नवऱ्याच्या हातात कट्यार द्यायची, तिच्या टोकाला लिंबू खोचायचं. याला कुणी जादू म्हणेल. मला त्यात भाबडेपणा दिसत नाही. आयुष्यातल्या सगळ्यांत नाजूक वळणावर उभ्या असलेल्या माणसाला दहा जणांनी हात लावून ‘तू आमचा आहेस’ असं सांगणं, हेच त्या जादूचं बळ आहे.

औषध म्हणूनही ती आधी कुणाच्या तरी हातूनच येते. बोट कापलं की चिमूटभर हळद दाबून धरणारं कुणीतरी असतं, मुका मार लागला की आंबेहळद उगाळून तिचा गरम लेप घालणारं कुणीतरी असतं. हे ज्ञान बहुतांशी बायकांकडे होतं आणि ते कागदावर नव्हतं. त्याची किंमत १९९५ साली कळली. मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन भारतीय वंशाच्या संशोधकांना जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं अमेरिकी पेटंट मिळालं. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे तेव्हाचे महासंचालक, मूळचे गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर, यांनी त्याला आव्हान दिलं. पण ‘आमच्या घराघरांत हे ठाऊक आहे’ एवढं सांगून भागणार नव्हतं. छापील पुरावा हवा होता. तसे बत्तीस संदर्भ गोळा करावे लागले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते, तसाच १९५३ सालच्या भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभारण्याचं काम २००१ मध्ये सुरू झालं, त्यामागे हा धडा होता. हा विजय मोठाच आहे. पण ज्या बायकांनी हे ज्ञान वापरून जिवंत ठेवलं, त्यांची साक्ष त्या निकालात कुठेच नाही, याची रुखरुख मला वाटत राहते.

आता बाजारानं हळदीतून करक्युमिन तेवढं वेगळं काढून त्याच्या गोळ्या केल्या आहेत. दळलेल्या हळदीत ते साधारण तीन टक्के असतं, आणि पोटात गेलं तरी रक्तात फारच थोडं उतरतं. १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी दाखवलं, की मिरीतलं पिपरीन सोबत दिलं तर माणसांत हे शोषण वीसपट वाढतं. पण २०१७ मध्ये ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’त आलेल्या विस्तृत आढाव्याचा निष्कर्ष करक्युमिनला अनुकूल नव्हता: प्रयोगशाळेतली आश्वासनं माणसांवरच्या काटेकोर चाचण्यांत टिकलेली नाहीत. उलट, जास्त मात्रेच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. दुधात घातलेल्या चिमटीला यामुळे कमीपणा येत नाही. मात्र त्या चिमटीच्या पुण्याईवर कुणी कर्करोगाचा उपचार विकत असेल, तर त्याला ठामपणे नाही म्हटलं पाहिजे.

हळदीचं सगळ्यांत मोकळं रूप मला जेजुरीत दिसतं. सोमवतीला किंवा चंपाषष्ठीला गडावर ‘येळकोट येळकोट’च्या गजरात भंडारा उधळला जातो, तेव्हा तो कुणाच्या अंगावर पडावा हे कुणी ठरवत नाही. धनगर, मराठा, ब्राह्मण, वाघ्या, मुरळी, पुरुष, बाई, नवरा असलेली आणि नसलेली, सगळे एकाच पिवळ्या रंगात उभे राहतात. कपाळभर भंडारा लावायला खंडोबा कुणाला सौभाग्य विचारत नाही.

गड उतरून घरी आलो की तीच हळद विचारू लागते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विधवेला बोलावणं नसतं. जुन्या पद्धतीचं कुंकूही हळदीचंच: तिला टाकणखार आणि लिंबाचा रस लागला की ती लाल होते. म्हणजे वस्तू एकच. पण विधवेनं घातलेली हळद आमटीत चालते आणि तिच्याच हातची हळद पोटच्या मुलीच्या गालाला चालत नाही. ज्या विधीचा सगळा अर्थ ‘आपल्या माणसानं हात लावावा’ हा आहे, त्यातून सगळ्यांत जवळचा हात बाजूला काढायचा, हे मला त्या विधीशीच केलेलं वैर वाटतं.

मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवण्याचं आवाहन केलं. ठराव ग्रामसभेत होतो. हळदीला कोण बसणार हे मात्र घरात ठरतं, बहुतेकदा मोठ्या जावा, आत्या आणि मावश्या ठरवतात. यंदा ज्यांच्या घरी कार्य आहे, त्यांनी मुहूर्त काढतानाच हे बोलून घ्यावं, म्हणजे ऐन वेळी कुणी कुजबुजणार नाही. नवरीची आई विधवा असेल तर पहिली हळद तिनं लावावी, आणि ती संकोचून मागे सरली तर थोरल्या जावेनं तिचा हात धरून तिला पुढे आणावं.