मागे खरे, पुढे सोंग

एल्विस प्रेस्ली गेला 16 ऑगस्ट 1977 ला, अवघ्या 42 व्या वर्षी. त्याच्या मागे उभ्या राहून गाणाऱ्या बायका मात्र गात राहिल्या. ‘स्वीट इन्स्पिरेशन्स’ हा त्यांचा चमू. 1969 मध्ये लास वेगसच्या इंटरनॅशनल हॉटेलात त्या त्याच्या साथीला आल्या, तेव्हा व्हिटनी ह्यूस्टनची आई सिसीही त्यांच्यात होती.

पुढे उतारवयात त्यांच्यातल्याच मिर्ना स्मिथ, एस्टेल ब्राउन पुन्हा दौऱ्यांवर निघाल्या. गाणी तीच. पुढे मात्र एल्विसचं सोंग घेतलेला कुणी तरुण: पांढरा जंपसूट, उभी कॉलर, जाड कल्ले, आणि घाम टिपून पहिल्या रांगेतल्या बायकांना वाटायचे रुमाल.

आपल्या ऑर्केस्ट्रात ‘व्हॉइस ऑफ मुकेश’ अशी घोषणा झाली की आपण गालातल्या गालात हसतो. हसावं खुशाल! पण या दौऱ्यांत खरी परीक्षा त्या पोराची होती, असं मला वाटतं. प्रेक्षकांना कल्ले आणि रुमाल पुरत. अस्सल आवाज वर्षानुवर्षं हातभर अंतरावरून ऐकलेले कान त्याच्या पाठीशीच उभे असत. त्यांना कसं फसवणार?

आणि त्या बायका? 1968 मध्ये त्यांचं स्वतःचं गाणं अमेरिकेत गाजलं होतं. तरी तिकिटं खपत ती जंपसूटच्या नावावर. यात मला कमीपणा दिसत नाही. सोंग पुढच्याचं होतं, यांचा सूर तेव्हाही यांचाच होता. शिवाय साथीच्या गायिकेला पेन्शन कोण देतो?