कर्जाला शेवट हवा, हिशेबासकट

मार्च संपत आला की पारनेर तालुक्यातल्या विकास सोसायट्यांत ‘नवं-जुनं’ करण्याची घाई उडते. शेतकरी कुठून तरी चार-आठ दिवसांपुरते पैसे उभे करतो, जुने पीककर्ज भरतो, नवे उचलतो आणि हातउसने भागवतो. व्याजसवलत वाचते, खाते थकीत होत नाही, सोसायटीची वसुली चांगली दिसते. फक्त कर्ज तेवढे संपत नाही. सातबारावरचा बोजा बापाच्या नावावरून मुलाच्या नावावर चढतो.

कर्जाचे दोनच शेवट आपल्या ओळखीचे आहेत, फेड आणि माफी. नादारी हा तिसरा शेवट कायद्यात आहे, पण गावात कुणी त्याचे नाव काढत नाही. त्यातला व्यवहार सरळ आहे. कर्जदाराने आपली मिळकत उघडी करायची, देता येईल तेवढे द्यायचे आणि ठरलेल्या मुदतीनंतर उरलेल्या देण्यातून मोकळे व्हायचे. या व्यवहाराची खरी परीक्षा मुदतीच्या शेवटच्या दिवसांत होते. सुटकेला महिना उरला असताना कमाई वाढली, तर ती कळवायची की महिनाभर गप्प बसायचे? कळवायचीच, असे माझे मत आहे. पण खरे बोलणारा त्यामुळे बुडणार नाही, याची हमी कायद्याने आधी दिली पाहिजे.

आपला २०१६ चा दिवाळखोरी कायदा या कसोटीवर पाहावा. अगदी गरीब कर्जदारांसाठी त्यात ‘नव्या सुरुवाती’ची तरतूद आहे. वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आत, मालमत्ता २०,००० च्या आत, माफीयोग्य देणे ३५,००० च्या आत आणि स्वतःच्या मालकीचे घर नको, या तिच्या मुख्य अटी. अर्ज मंजूर झाला की १८० दिवस वसुली थांबते आणि शेवटी देणे रद्द होते. मात्र या काळात आर्थिक परिस्थितीत मोठा बदल झाला, तर तो कळवणे कर्जदाराचे कर्तव्य आहे. बदलामुळे तो अपात्र ठरला, तर मिळालेला आदेश मागे घेण्याची मागणी होऊ शकते.

समजा, राळेगणसिद्धीच्या एका भूमिहीन मजुराला पाचव्या महिन्यात सुपे एमआयडीसीत रखवालदाराची नोकरी लागली. ६०,००० म्हणजे महिन्याला ५,००० रुपये. पहिल्याच पगाराला तो ही रेषा ओलांडेल. त्याने कळवले, तर पाच महिन्यांची वाट पाहणे वाया जाण्याची भीती. लपवले, तर लबाडीचा ठपका. सहाव्या महिन्यानंतर तीच नोकरी लागली असती, तर कुणी विचारलेही नसते. असा नियम माणसाला एकच शहाणपण शिकवतो, की सुटका होईपर्यंत काम धरू नये.

मोठ्या कर्जदारांसाठी याच कायद्यात वेगळी वाट आहे. तिथे दिवाळखोर ठरलेल्या माणसाने वाढलेले उत्पन्न किंवा नव्याने हाती आलेली मालमत्ता सात दिवसांत विश्वस्ताला कळवायची असते. पण हे सगळे सामान्य माणसासाठी अजून कागदावरच आहे. व्यक्तींसाठीचा हा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला, तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. पारनेरच्या शेतकऱ्यासाठी आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच आहे. त्यात मुदतीत हाती आलेली मालमत्ताही देणेकऱ्यांकडे जाते आणि सुटकेनंतरच्या कमाईवर न्यायालय अटी घालू शकते. म्हणजे सुटल्यावरही माणूस पुरता सुटेलच, असे नाही.

हा प्रश्न या तालुक्याला नवा नाही. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतल्या सुप्याच्या बाजारात दंगा झाला आणि त्याचे लोण अहमदनगर जिल्ह्यात पारनेर-श्रीगोंद्यापर्यंत आले. शेतकऱ्यांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या दप्तरावर होता. खते, रोखे, हुकूमनामे हिसकावून जाळले गेले. मूळ कर्ज किती, फेडले किती आणि उरले किती, हे एकट्या सावकाराची वही सांगे आणि ती वाचणे कर्जदाराच्या आवाक्याबाहेरचे होते.

त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे त्याने बंद केले, ५० रुपयांवर देणे असलेल्या शेतकऱ्याला नादारीचा अर्ज करू दिला. माझ्या मते त्याहून मोलाचे कलम हिशेबाचे होते. पैसे भरल्याची पावती, वर्षाचा लेखी हिशेब आणि खातेपुस्तिका मागण्याचा हक्क कर्जदाराला मिळाला. रोख्यावरच्या आकड्यामागे जाऊन व्यवहाराचा पहिल्यापासूनचा इतिहास तपासण्याचे काम न्यायालयावर आले. सावकारांनी पुढे गहाणाऐवजी खरेदीखते करून घेत पळवाटा काढल्या, नादारीच्या कलमांचाही फारसा वापर झाला नाही. तरी कर्जदाराला मिळकत विचारायची, तर धनकोनेही वही उघडली पाहिजे, हे तत्त्व तेव्हा कायद्यात उतरले.

राळेगणसिद्धीने हेच तत्त्व दोन वेगळ्या मार्गांनी जगून पाहिले आहे. अण्णा हजारे १९७५ मध्ये लष्करातून गावी परतले. पुढे श्रमदान आणि पाणलोटाच्या कामांनी गावाचे रूप पालटले आणि यादवबाबांच्या देवळात धान्य बँक उभी राहिली. ज्याचे पिकले त्याने घालायचे, अडलेल्याने न्यायचे आणि पुढच्या सुगीला थोड्या वाढीसह परत करायचे. इथे उत्पन्न कळवायला अर्ज लागत नाही, कुणाच्या खळ्यावर काय पडले ते गाव बघतेच. शिवाय चांगले पिकले म्हणून कुणाचे नुकसान होत नाही. दुसरा मार्ग माहितीच्या अधिकाराचा. राज्याचा कायदा यावा म्हणून अण्णांनी उपोषणे केली. सरकारने आपली कागदपत्रे लोकांना दाखवावीत, ही मागणी या गावातून मुंबई-दिल्लीपर्यंत गेली. तीच मागणी आता पतसंस्थेकडे, फायनान्स कंपनीकडे आणि मोबाइलवर कर्ज देणाऱ्या ॲपकडे करायला हवी. मुद्दल, व्याज, दंडव्याज वेगवेगळे दाखवा आणि मगच आमचा पगार विचारा.

विचारतानाही कमाईची जात ओळखून विचारावे. शहरातल्या पगारदाराचे उत्पन्न महिन्याला मोजता येते. शेतकऱ्याचे दुधाचे पैसे दहा-पंधरा दिवसांनी येतात, कांद्याचे एकदम येतात. मुदतीच्या शेवटच्या महिन्यात कांद्याची पट्टी हातात पडली, म्हणून त्याची परिस्थिती सुधारली असे होत नाही. त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडे आधीच कापलेले असते, बी-बियाणे आणि खताची उधारी अजून द्यायची असते. एका पट्टीवरून माणसाला अपात्र ठरवणारा अधिकारी कागदावर बरोबर असेल, हिशेबात मात्र चुकतो. शेतीचे उत्पन्न वर्षाचे आणि खर्च वजा जाता मोजले पाहिजे.

बाहेरच्या देशांनी यावर काही तोडगे काढले आहेत. कॅनडात दिवाळखोराला दर महिन्याला जमाखर्च द्यावा लागतो. ठरलेल्या मर्यादेहून बऱ्यापैकी जास्त कमाई झाली, तर त्या जास्तीच्या रकमेतला निम्मा भाग देणेकऱ्यांना जातो, निम्मा त्याच्याकडे राहतो. पहिल्या वेळची सुटका मात्र ९ महिन्यांवरून २१ महिन्यांवर जाते. इंग्लंडमध्ये छोट्या कर्जदारांना देणेमुक्तीचा आदेश मिळतो, त्याची मुदत १२ महिन्यांची. दरम्यान कमाई वाढून आदेश रद्द होणार असेल, तर देणेकऱ्यांशी बोलून सोय लावायला तीन महिन्यांपर्यंत वाढीव मुदत देता येते. दोन्हीकडे नियम कडक आहेत, पण शेवटच्या महिन्यात पगार वाढला म्हणून माणसाला एका फटक्यात पुन्हा कर्जाच्या तोंडी दिले जात नाही.

आपल्याकडच्या कर्जमाफीत असे काहीच विचारले जात नाही. २०१९ च्या कर्जमुक्ती योजनेने ३० सप्टेंबर २०१९ ची दोन लाखांपर्यंतची थकबाकी धरली. पोटाला चिमटा घेऊन त्याआधी भरणा केलेला शेतकरी मनातून दुखावला, तो उगाच नाही. माफी तारखेवर ठरते, राजकारणावर ठरते आणि पुढच्या माफीची आस लावते. नादारी माणसाच्या प्रत्यक्ष परिस्थितीवर ठरते, म्हणून ती अधिक न्याय्य आहे. पण ती न्याय्य राहायला चार गोष्टी लागतील. सामान्य व्यक्तींसाठीचा भाग सरकारने लागू करावा. ६०,००० ची मर्यादा आजच्या मजुरीला धरून वाढवावी आणि पत्र्याची खोली नावावर आहे म्हणून कुणाला बाहेर ठेवू नये. मुदतीत वाढलेल्या कमाईतला ठरलेला वाटाच देणेकऱ्यांना द्यावा, सगळी प्रक्रिया रद्द करू नये. आणि मुदत संपल्यावर पुढच्या कमाईला कुणी हात लावू नये. एवढे झाले, तर कमाई लपवणाऱ्याला शिक्षा करायचा नैतिक अधिकार कायद्याला मिळेल. तोवर खरे सांगणाऱ्यालाच दंड होत राहील.