हक्क आणि त्याचे मोल

ग्रीनलंड १९७३ साली डेन्मार्कसमवेत युरोपीय आर्थिक समुदायात गेले. वस्तुतः १९७२ च्या सार्वमतात तेथील बहुसंख्यांनी नकार दिला होता. आपल्या किनाऱ्यावरील मासळीची वाटणी ब्रुसेल्सने करावी, हे त्यांना रुचणारे नव्हते. पुढे १९७९ साली अंतर्गत स्वराज्य मिळाले, १९८२ साली पुनश्च कौल घेण्यात आला, आणि १ फेब्रुवारी १९८५ रोजी ग्रीनलंड समुदायाबाहेर पडले. परंतु त्याच वेळच्या कराराने युरोपीय नौका त्या पाण्यात राहिल्याच. मोबदल्यात द्रव्य आणि मासळीला जकातमाफी मिळाली.

मग साधले काय? पूर्वी जे नियमाने घेतले जाई, ते आता विचारून घ्यावे लागते. फाइलीवर ‘मंजूर’ लिहिणाऱ्याला ‘नामंजूर’ लिहिण्याचीही मुभा असेल, तरच त्याच्या सहीला अर्थ. मात्र ज्याचा संसार त्या मोबदल्यावर चालतो, त्याचा नकार कागदावरच राहण्याचे भय असते. शिवाय उद्या जाळे टाकणाऱ्याची संमती आज कोणी घेऊ शकत नाही. म्हणून हक्क हाती येताच ‘मोल किती येईल?’ याआधी ‘राखून किती ठेवावयाचे?’ हे विचारले पाहिजे. ते उत्तर चुकले, तर बोट दाखवावयास आता ब्रुसेल्स उरत नाही; स्वामित्वाचे ओझे ते हेच.