काम न करणाऱ्याने खावे काय?



सोयाबीनची मळणी चालू असताना आपल्या धर्मग्रामातील एका भावाचा उजवा हात थ्रेशरमध्ये सापडला. मजुरीवर चालणारे घर; ना शेत, ना दुकान. आम्ही भेटीला गेलो तेव्हा संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करा, असे सुचवले. ते मान खाली घालून म्हणाले, "फादर, मले भीक नाई पायजे. आजवर कमावून खाल्लं." पुढच्याच रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या ओट्यावर वेगळेच बोलणे कानी पडले. "सरकार फुकट पैसे वाटते, म्हणून लोक आळशी झाले. बायबलातच आहे ना, काम नाही तर खाणे नाही!"

एक जण घ्यायला लाजतो, दुसरा घेणाऱ्याला नावे ठेवतो. वरवर पाहता ही दोन टोके वाटतात. परंतु दोघांच्या मनात समजूत एकच आहे : माणूस जेवढे कमावतो, तेवढीच त्याची किंमत. ही समजूत खरी आहे काय, याचा आज आपण विचार करू या.

प्रथम बायबलचे पाहू. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात संत पौल ज्यांना खडसावतो, ते काम करण्याची इच्छाच नसलेले लोक होते. धडधाकट असून ते कामधंदा सोडून इतरांच्या भानगडीत लुडबुड करीत होते. 'करायचे नाही' आणि 'करता येत नाही' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हाच पौल यरुशलेममधील गरिबांसाठी करिंथ आणि मासेदोनिया येथील मंडळ्यांकडून वर्गणी गोळा करीत होता, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

हा फरक आपल्या वऱ्हाडातील एका माणसाला उत्तम कळला होता. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा गावात गेले की आधी हातात खराटा घेत. श्रम केल्याशिवाय ते भाकर घेत नसत. कामाचा इतका कैवारी दुसरा कोण सापडेल? तरीही आंधळ्या-पांगळ्यांसाठी त्यांनी सदावर्ते घातली, गरिबांसाठी ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या. अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरची धर्मशाळा त्यांपैकीच एक. स्वतःला लावलेला नियम त्यांनी पांगळ्याला लावला नाही. आपण मात्र पुष्कळदा उलटे करतो : स्वतःला सवलत आणि दुसऱ्याला नियम.

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७८५ सालच्या आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात एक भेद सांगितला आहे. वस्तूला किंमत असते, माणसाला प्रतिष्ठा असते. किंमत कमीजास्त होते; एका वस्तूच्या बदल्यात दुसरी घेता येते. प्रतिष्ठेचे तसे नाही. मजुरी ही कामाची किंमत आहे, माणसाची नव्हे. हात गेला तेव्हा त्या भावाची मजुरी गेली. त्याची प्रतिष्ठा कोठेही गेलेली नाही. आणि खरे पाहता, जन्मल्यावर कित्येक वर्षे आपण सारेच दुसऱ्याच्या कष्टावर जगलो. म्हातारपणी बहुतेकांना पुन्हा तसेच जगावे लागेल. मधली काही वर्षे अंगात बळ असते, तेवढ्यावरून आपण स्वतःला 'कमावून खाणारे' म्हणवून घेतो.

म्हणूनच असे साहाय्य ही दया नसून देणे आहे. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात बेकारी, वार्धक्य, आजार आणि अपंगत्व अशा प्रसंगी नागरिकाला सरकारी साहाय्याचा हक्क मिळावा यासाठी राज्याने आपल्या ऐपतीप्रमाणे तरतूद करावी, असे म्हटले आहे. हे मार्गदर्शक तत्त्व आहे. त्यासाठी थेट न्यायालयात जाता येत नाही. पण दिशा स्पष्ट आहे. पोप योहान तेविसावे यांनीही १९६३ सालच्या 'पाचेम इन तेर्रिस' या परिपत्रकात आजारपण, अपंगत्व, वैधव्य आणि वार्धक्य यांत आधार मिळणे हा मानवी हक्क मानला.

महाराष्ट्रात ही योजना १९८० साली सुरू झाली. दिव्यांग, दुर्धर आजाराचे रुग्ण, निराधार विधवा, परित्यक्ता अशा ६५ वर्षांखालील गरजूंसाठी ती आहे. महिन्याची रक्कम २०१९ मध्ये १,००० रुपये झाली, २०२३ मध्ये १,५०० झाली आणि ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांसाठी २,५०० करण्यात आली. या पैशात कोणी आळशी होईल की नाही, हे ज्याने त्याने आपल्या घरच्या किराण्याचे बिल समोर ठेवून ठरवावे.

आता एक अवघड प्रश्न. त्या भावाची पत्नी एके दिवशी आमच्याकडे आली. पापनिवेदनासाठी नव्हे, सल्ल्यासाठी. म्हणून तिच्या परवानगीने सांगतो. ती म्हणाली, "फादर, वर्षाचं उत्पन्न एकवीस हजाराच्या आत दाखवा लागते म्हणतात. माही मजुरी त्याच्याहून जास्त होते. कमी लिवून घेतलं तर पाप लागते काय?"

एकवीस हजार म्हणजे साऱ्या कुटुंबाला दिवसाला ५८ रुपयेही नाहीत. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे घरातल्या एकाच माणसाला वर्षात ६८ दिवस काम मिळाले, की ते घर या मर्यादेबाहेर गेले. दार इतके ठेंगणे की खरे बोलणाऱ्याला आत शिरताच येऊ नये!

खोटे लिहा असे आम्ही सांगितले नाही, सांगणारही नाही. पण चौकशी केली तेव्हा कळले की दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५० हजार रुपये आहे. ४० टक्के वा अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र हवे. तिला खोटे बोलण्याची गरजच नव्हती. गरज होती ती नियम नीट समजावून सांगणाऱ्या एका माणसाची. आणि आपल्या चर्चमध्ये दर रविवारी शिकलेली इतकी माणसे बसतात!

परंतु तिच्या शेजारणीचे काय? तिचा नवरा वारला आहे, अपंगत्वाचे प्रमाणपत्र नाही, दोन लेकरे आहेत. तिच्यासाठी ५० हजारांचे दार नाही. तिला द्यायला आमच्यापाशी सोपे उत्तर नाही. तिने खोटे लिहिले तर ते खोटेच. पण त्या खोट्याचा सारा भार एकटीच्या माथी मारून आपण हात झटकावेत, हेही सत्याला धरून होणार नाही. नियम आपल्या नावाने होतात. ही मर्यादा वाढवा, असे आमदारांना व तहसीलदारांना सह्यांनिशी लिहिणे आपल्याला जमण्यासारखे आहे.

तेव्हा या आठवड्यात एवढेच करू या. ज्यांना कागदपत्रांची माहिती आहे त्यांनी मिस्सानंतर आम्हाला भेटावे. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, अपंगत्वाचे प्रमाणपत्र, दर वर्षीचा हयातीचा दाखला, या प्रत्येकासाठी कोणाला तरी सोबत लागते. गाडी असेल त्यांनी महिन्यातील एक सकाळ द्यावी. आणि ओट्यावर पुन्हा 'फुकटे' हा शब्द निघाला, तर ऐकणाऱ्याने गप्प बसू नये.

त्या भावाने अखेर अर्जावर अंगठा दिला, डाव्या हाताचा. आम्ही त्यांना म्हणालो, "ही भीक नव्हे. तुम्ही वीस वर्षे आमच्यासाठी पिकवलेत, आता आमची पाळी."

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू