कोणावरचं कोणी घेतलं?



आपल्या लालबाग-परळच्या चाळींतून एक बोलणं फार जुनं आहे. घरातलं जनावर अचानक आजारी पडलं की शेजारचं कोणीतरी येतं आणि हळूच सांगतं, "घरावरचं आलेलं त्याने अंगावर घेतलं हो." सांगणाऱ्याच्या मनात माया असते. ऐकणाऱ्यालाही बरं वाटतं. मी स्वतः हे चार घरी जाऊन बोलले आहे. गेल्या मार्गशीर्षात ते ऐकून घ्यायची पाळी माझ्यावर आली, आणि तेव्हापासून ते माझ्या गळी उतरत नाही.

आमचा बंड्या पॉमेरियन. वजन जेमतेम पाच किलो, वय अकरा. गुरुवारी संध्याकाळी आरतीची घंटा वाजली की देवघरासमोर येऊन बसायचा. त्या गुरुवारी आला नाही. पलंगाखाली सापडला. बाहेर काढला तर उभा राहीना, एकाच अंगावर कोसळत होता. मान कललेली, बुबुळं इकडून तिकडे हलतायत, दोनदा ओकला. सकाळी जिना उड्या मारत उतरलेलं जनावर हो!

मुलाने टॅक्सी करून दवाखान्यात नेलं, मी बरोबर होते. डॉक्टरीणबाई एकेक विचारू लागल्या. कुठून पडला का, गोचीड दिसली का, उंदराचं औषध ठेवलं होतं का, चॉकलेट, कांदा, द्राक्षं, मनुका, बेदाणे असलं काही पोटात गेलं का? मुलगा म्हणाला, "छे, असलं काही आम्ही देतच नाही." मी गप्प बसले. दुपारी नैवेद्य दाखवून झाल्यावर पंचखाद्याचा चमचा मीच बंड्यापुढे ठेवला होता. खोबरं, खारीक, खसखस, खडीसाखर आणि बेदाणे. देवाचा प्रसाद मुक्या जिवालाही मिळावा, एवढाच विचार.

गप्प बसले एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. घरी आल्यावर मी सुनेला विचारलं, "काल तू केक आणला होतास, तो उघडा तर नव्हता राहिला?" ती बिचारी रात्री अकरा वाजता ओट्याखाली वाकून डबे तपासत बसली. दत्ताच्या तसबिरीपुढे दिवा तेवत होता आणि मी तिच्याकडे बघत होते.

सकाळी चहाच्या वेळी सांगून टाकलं. मुलाने कप ठेवला आणि फोन लावला. सून एवढंच म्हणाली, "आई, रात्रीच सांगायचं होतंत."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी सांगितलेलं इथे मुद्दाम लिहिते, कारण आपल्यापैकी कितीतरी जण गुरुवारी देवळाबाहेरच्या कुत्र्यांना प्रसाद घालतात. द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड बंद पडू शकतं. एखादा कुत्रा मूठभर खाऊन ठणठणीत राहतो, दुसऱ्याला थोडेसेच भोवतात. कोणाला किती, हे आधी सांगता येत नाही. चॉकलेट आणि कांदाही तसाच वाईट. बंड्याला सलाईन लावलं, रक्त तपासलं, दोन दिवसांनी पुन्हा तपासलं.

मधल्या दिवशी आम्ही त्याला परळच्या बैलघोड्यातही दाखवून आणलं. कागदोपत्री नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय, पण आपल्याकडे ते बैलघोडाच. प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणारी मुंबईची संस्था १८७४ सालची, तिचंच हे रुग्णालय, आणि परळचं पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालचं. गाड्यांचे बैल आणि घोडे गेले, नाव राहिलं. तिथे बाकावर माझ्या शेजारी एक हमाल बसला होता. मांडीवर गोणपाटात गुंडाळलेली कुत्री. मी विचारलं, "तुमची का?" तर म्हणाला, "नाय ओ, नाक्यावरची. सकाळपासून उठत नव्हती." काय झालं असेल, कोणी काय घातलं असेल, यातलं तो काहीच बोलला नाही. नंबर लागेपर्यंत मधूनमधून गोणपाट सारखं करत होता.

त्याच संध्याकाळी शेजारच्या मावशी आल्या आणि ते वाक्य म्हणाल्या. "तुमच्यावरचं त्याने घेतलं. यांना डायबिटीस, तुमचे गुडघे, मुलाच्या नोकरीचं ते तसं. मुकं जनावर, ओळखतं सगळं." ऐकून मला एकदम हलकं वाटलं. त्या हलकेपणाचीच मग मला भीती वाटली. बंड्याने आमचं संकट घेतलं म्हटलं की माझा चमचा कुठल्या कुठे जातो. रात्रभराचं माझं गप्प बसणंही जातं. त्याचं ओकणं ही त्याने केलेली सेवा ठरते आणि आपण त्याला हात जोडून मोकळे होतो. पण घेतोस का म्हणून त्याला विचारलं कोणी?

दत्तमहाराजांच्या पायांशी चार कुत्रे असतात. ते चार वेद, हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि मी ते मानते. पण वेद म्हटल्यावर आपली नजर कुत्र्यावरून उठते, असंही मला आता वाटतं. युधिष्ठिराची गोष्ट आठवा. कुत्र्याला सोडून रथात चढणार नाही म्हणाला. तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म, हे त्याला नंतर कळलं. नाही म्हणाला तेव्हा त्याच्यापुढे नुसता कुत्रा होता.

आमचे हे म्हणाले, "अगं, चोवीस गुरूंतला कपोत विसरलीस?" एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला सांगतात तो. पिल्लं जाळ्यात अडकली म्हणून कबुतरी जाळ्यात शिरली, तिच्या पाठोपाठ कबुतरही. फार मोह बरा नाही, असा त्याचा अर्थ लावतात, आणि लावावा. मी त्या दिवसांत ती गोष्ट पुन्हा काढून वाचली. मला दिसलं ते असं, की जाळ्यात उडी घेतल्याने पिल्लांचा एक दोरासुद्धा सुटला नाही. मीही देवापुढे बसून रडत होते, नवस बोलत होते, गुरुचरित्राचं पारायण कबूल करत होते, आणि त्याच्या औषधाची आठची वेळ सुनेने पाळली. माया कमी करावी का, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. या वयात ती कमी होते असंही दिसत नाही.

दुसऱ्या तपासणीतही मूत्रपिंड चांगलं निघालं. गोचिडांच्या तापाची चाचणीही नकारात्मक. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग बिघडला असावा. म्हाताऱ्या कुत्र्यांना असं अचानक होतं, कारण बऱ्याचदा सापडत नाही, आणि पुष्कळसे दोन-तीन आठवड्यांत सावरतात. म्हणजे माझा चमचा निर्दोष सुटला. पण सुनेला ओट्याखाली वाकायला लावलं होतं, ते काही त्या रिपोर्टात येत नव्हतं. तिची माफी मागितली. "असू दे हो आई," म्हणाली. त्यानंतर आठवडाभर तरी माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलत होती. बरोबरच होतं तिचं.

अकराव्या दिवशी बंड्याने दहीभात खाल्ला. आता चालतो, जिना मात्र उचलूनच उतरवावा लागतो. मान किंचित डावीकडे कललेली राहिली आहे, त्यामुळे आरतीला बसला की काहीतरी कान देऊन ऐकतोय असं वाटतं. मावशी म्हणतात, "बघा, खूण ठेवली महाराजांनी." मी हो-नाही काही म्हणत नाही. पारायण कबूल केलेलं होतं, ते या सप्ताहात बसून केलं. पंचखाद्य सुनेने केलं, बेदाणे वेगळ्या वाटीत काढून ठेवले, आणि बंड्याला खोबऱ्याचा एक तुकडा दिला.