नकोशा वस्तूचें दान

घरांत नवी वस्तु आली म्हणजे सर्वांचे डोळे तिजकडे लागतात. जुनी वस्तु कोणत्या दारानें बाहेर गेली हें मात्र फारसें कोणी पाहत नाहीं. आमच्याही घरीं असेंच झालें. आमचा जुना टीव्ही जाऊन नवा आला, आणि त्या लहानशा प्रसंगांतून एक मोठा प्रश्न आमच्या मनांत उभा राहिला. तो आमच्या ग्रामस्थ वाचकांपुढें मांडावा असें वाटतें. प्रश्न असा कीं, जी वस्तु आपणांस नकोशी झाली ती गरिबास दिली, तर तें दान होतें काय?

प्रथम हकीकत सांगतों. आमच्या वडिलांनीं १९९८ सालीं एकवीस इंची रंगीत टीव्ही हप्त्यांनीं घेतला. हल्लींचीं मुलें ज्यास ‘डबा टीव्ही’ म्हणून हंसतात, त्या जातीचा तो होता. पुढें जाड कांचेचा पडदा, मागें नरसाळ्यासारखी निमुळती होत गेलेली पिक्चर ट्यूब, आणि वजन इतकें कीं दोन माणसांवांचून तो जागचा हलत नसे.

त्या काळच्या टीव्हीची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या देशांत टीव्हीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दिल्लीस झाला. मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं निघालें. पुढें १९७५-७६ सालीं उपग्रहाच्या साहाय्यानें सहा राज्यांतील सुमारें २४०० खेड्यांत शेती, आरोग्य व शिक्षण ह्यांचे कार्यक्रम दाखविण्याचा प्रयोग झाला. तेव्हां टीव्ही ही सबंध गांवाची वस्तु होती. कोणा एकाच्या मालकीची नव्हे. १९८२ सालीं रंगीत प्रक्षेपण सुरू झालें आणि संच हळूहळू घरोघर येऊं लागले, तरी जुनी रीत एकाएकीं मोडली नाहीं. १९८७ सालीं ‘रामायण’ मालिका लागली, तेव्हां एका घरच्या ओटीवर सारी आळी बसलेली आम्हीं लहानपणीं पाहिली आहे. ज्याच्या घरीं टीव्ही, त्याचें दार उघडें, असा जणूं न लिहिलेला कायदाच होता. घरधनिणीस त्याचा त्रास होई; मातीचे पाय घरांत येत, लेंकरें रडत, पाण्याचा हंडा रिता होई. परंतु दार लावून घेण्याचें कोणाच्या मनांतही येत नसे.

आमच्या घरींही ही रीत पुष्कळ वर्षें चालली. घरामागील वस्तींत एक वृद्ध मावशी राहतात. मजुरीस जाऊन त्या आपल्या नातवास वाढवितात. भाकरतुकडा आटोपला कीं नातवाचा हात धरून त्या यावयाच्या, उंबऱ्याशीं बसावयाच्या आणि एक मालिका पाहून जावयाच्या. आमच्या घरांतील मंडळी त्यांस अर्धा कप चहा देत. कोणाचें लग्न ठरलें, कोणाची शेळी व्याली, कोण आजारी आहे, हें सारें आम्हांस त्यांच्याकडून कळे. पाळक ह्या नात्यानें आम्ही घरोघर जाऊन जें जाणूं शकलों नसतों, तें त्या उंबऱ्यावर बसून सांगत.

२०२१ सालीं आम्हीं बत्तीस इंची नवा, भिंतीवर लागणारा टीव्ही घेतला. नवी वस्तु घेणें हें पाप आहे असें आमचें म्हणणें नाहीं. जुन्याचा पडदा अंधुक झाला होता, आणि आमच्या आईस त्यावरील अक्षरें लागत नव्हतीं. येथवर कारण खरें होतें. परंतु माणसाचें मन एका खऱ्या कारणावर संतुष्ट राहत नाहीं. तें त्याच्या जोडीस खोटीं कारणें गोळा करितें. आम्ही सर्वांस सांगत सुटलों कीं, नव्यास वीज कमी लागते. पुढें एके दिवशीं कागद घेऊन हिशेब केला. जुना सुमारें ८० वॅटचा, नवा सुमारें ४० वॅटचा. रोज पांच तास लाविला तर वर्षास ७३ युनिटें वांचतात. युनिटास आठ रुपये धरिले तर ५८४ रुपये झाले. नव्या संचाची किंमत बारा हजार. म्हणजे ती अशा बचतींतून भरून निघावयास सुमारें वीस वर्षें लागतील! आईचे डोळे हें खरें कारण, वीज हें सांगण्याचें कारण, आणि पाहुण्यांसमोर तो डबा बरा दिसत नाहीं हें लपविलेलें कारण. तिन्ही कारणें एकाच पिशवींत घालून आम्ही दुकानीं गेलों होतों.

आतां जुन्याचें काय करावयाचें? तो चालत तर होता. घरांत सर्वांच्या तोंडून एकदमच निघालें, “मावशींस देऊन टाकूं.” वाचकहो, आपल्या भाषेंत ‘देणें’ आणि ‘देऊन टाकणें’ हे निराळे प्रयोग आहेत. आपण मुलीस लुगडें देतों, पाहुण्यास पाट देतों. तेथें ‘टाकणें’ येत नाहीं. जेथें हात मोकळा करण्याची घाई असते, तेथें हें दुसरें क्रियापद आपोआप जिभेवर येतें. आम्ही त्या वेळीं जें बोललों त्यांत आमचें मन उघडें पडलें होतें, पण आमच्या तें ध्यानांत आलें नाहीं. दोन तरुणांकरवीं टीव्ही मावशींच्या झोंपडींत पोंहचविला. त्यांनीं दोन्ही हात जोडिले. त्या रात्रीं आम्हांस समाधानाची झोंप लागली.

पुढें काय झालें तें ऐका. टीव्ही चालावयास सेट-टॉप बॉक्स हवा. तो मावशींनीं उसने पैसे काढून बसविला. मग दर महिन्यास रिचार्जचे दीड-दोनशें रुपये आले. विजेचें बिल वाढलें. म्हणजे आम्हीं दिलेल्या वस्तूचा खर्च त्यांच्या मजुरींतून जाऊं लागला. दूरदर्शनच्या फ्री डिशला महिन्याचें भाडें पडत नाहीं, एकदांच डिश व बॉक्स बसवावा लागतो, आणि तो जुन्या संचासही चालतो, हें आम्हांस ठाऊक होतें. तें सांगावयास आम्ही दहा पावलें गेलों नाहीं. कारण आमच्या लेखीं तें काम संपलें होतें.

सुमारें दीड वर्षानें टीव्ही बंद पडला. तालुक्याच्या कारागिरानें दुरुस्तीची जी रक्कम सांगितली, ती मावशींच्या आठवड्याच्या मजुरीहून अधिक होती. शेवटीं एक भंगारवाला दारावर आला. त्यानें मागील नळी फोडिली, मानेभोंवतींचें तांब्याचें वेटोळें काढून घेतलें, थोडे पैसे हातावर ठेविले आणि कांच तेथेंच नालीजवळ टाकून तो निघून गेला. पिक्चर ट्यूबच्या ह्या मागील कांचेंत पुष्कळ शिसें असतें. आंतून निघणारे किरण अडविण्याकरितां तें घातलेलें असतें. शिसें पोटांत गेल्यास लहान मुलांच्या मेंदूस अपाय करितें, हें आतां सर्वमान्य आहे. आम्ही एका संध्याकाळीं त्या वाटेनें जात असतां मावशींचा नातू त्याच कांचेच्या तुकड्यांनीं दुकान-दुकान खेळत होता.

आम्हीं पोरास बाजूस केलें, त्याचे हात धुवविले, जाड पोत्यांत ते तुकडे भरिले, आणि मावशींची क्षमा मागितली. त्यांस आमचा अपराध कोणता तेंच कळेना. त्या म्हणाल्या, “पाळकसाहेब, तुम्ही दिलं, त्यात तुमचं काय चुकलं? बिघडणं हे यंत्राचं नशीब.” मग थोडें थांबून म्हणाल्या, “पण घरी टीव्ही आला आणि तुमच्याकडं येणं सुटलं बघा. काय निमित्तानं यावं?”

हे शब्द आमच्या मनास शिसापेक्षांही जड लागले. टीव्ही दिल्यापासून मावशी आमच्या उंबऱ्यावर आल्या नव्हत्या, आणि त्या दीड वर्षांत आम्हांस त्यांची आठवणही झाली नव्हती. खरें सांगावयाचें तर संध्याकाळीं घर मोकळें मिळतें म्हणून आम्हांस बरेंच वाटत होतें. एका नकोशा वस्तूबरोबर आम्हीं एक माणूस घराबाहेर पोंहचविलें होतें, आणि त्यास दान हें नांव दिलें होतें.

कोणी म्हणेल, “तर मग जुनें कांहीं गरिबास देऊंच नये कीं काय? कित्येक घरीं जुन्या वस्तूवांचून दुसरें कांहीं मिळण्याची आशाच नसते.” हा आक्षेप रास्त आहे. जुनें लुगडें, जुनी सायकल, जुनीं पुस्तकें देण्यानें कितीएकांचीं कामें झालीं आहेत. वस्तु जुनी असणें हा दोष नव्हे. दाविदास अरवना यबूसी आपलें खळें व बैल फुकट देत होता, तरी ज्यास आपणांस कांहीं पडलें नाहीं तें अर्पण करावयास त्यानें नकार दिला, ही गोष्ट आपणांस ठाऊक आहे. तिचें तात्पर्य आम्हांस असें वाटतें कीं, दानाची पारख वस्तूच्या नवेपणावर होत नाहीं. देणाऱ्याचें त्यांत काय खर्ची पडलें ह्यावर होते. आमचें काय पडलें होतें? कांहींच नाहीं. उलट कोपऱ्यांतील जागा मोकळी झाली, आणि वर ‘पाळकसाहेब उदार’ अशी कीर्ति मिळाली. ह्या व्यवहारांत आम्ही नफ्यांत आणि मावशी तोट्यांत होत्या.

जुना टीव्ही द्यावयाचा तर तो देणाऱ्यानें आधीं दुरुस्त करून द्यावा. त्यास लागणारा बॉक्स आपणच बसवून द्यावा. तो बंद पडल्यावर परत न्यावयाचें वचनही सोबत द्यावें. कारण वस्तूचा शेवट सांभाळणें गरिबाच्या आवांक्यांत नसतें. इतकें करावयास मन घेत नसेल, तर समजावें कीं आपणांस द्यावयाचें नाहीं, टाकावयाचें आहे. मग प्रामाणिकपणें टाकावें, पण नीट जागीं. ई-कचऱ्याविषयींचे नियम आपल्या देशांत १ मे २०१२ पासून अमलांत आले, आणि हल्लींचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांअन्वयें अशा मालाची नोंदणीकृत कारखान्यांतून विल्हेवाट होईल हें पाहण्याची जबाबदारी तो माल बनविणारांवर आहे. दुकानदार जुना संच परत घेतो तेव्हां तो पुढें कोठें जातो, हें विचारण्यास लाजूं नये. आमचें तें पोतें पुष्कळ दिवस आमच्याच पडवींत राहिलें. चौकशी करीत करीत अखेर जिल्ह्याच्या गांवीं अशा संकलन केंद्रावर आम्हीं तें स्वतः नेऊन दिलें. जाण्यायेण्यांत एक दिवस मोडला. त्या टीव्हीच्या पायीं आम्हीं सोशिलेली तेवढीच झीज.

ह्या गोष्टीचा विचार करण्याची पाळी आतां वारंवार येणार आहे. जुना डबा आमच्या घरीं तेवीस वर्षें टिकला. नव्या संचाचा पडदा फुटला तर तो बदलण्याचा खर्च पुष्कळदां नव्याच्या किमतीजवळ जातो. आणि इंटरनेटवर चालणाऱ्या संचांतील प्रोग्राम जुने पडले, म्हणजे पडदा धडधाकट असतांही कांहीं ॲपें चालेनाशीं होतात. तेव्हां ‘आतां ह्याचें काय करावें?’ हा प्रश्न आपल्या मुलांस आपल्याहून अधिक वेळां पडेल. त्यांनीं आमच्यासारखें उत्तर देऊं नये म्हणून ही आमची चूक छापून सांगत आहों.

त्यानंतर आम्हीं मावशींस दुसरा टीव्ही घेऊन दिला नाहीं. तसें करणें आम्हांस सोपें होतें; पैसे देऊन पुन्हां मोकळें होतां आलें असतें. आमच्या घरांतील मंडळी एके संध्याकाळीं त्यांच्या घरीं जाऊन त्यांस बोलावून घेऊन आल्या. पहिले दोन दिवस मावशी अवघडून बसल्या. भिंतीवरील तो मोठा पातळ पडदा त्यांस परका वाटला. तिसऱ्या दिवशीं त्या उंबऱ्याशीं आपल्या जुन्या जागीं टेकल्या, आणि मालिका अर्धीच सोडून कोणाच्या तरी शेळीची हकीकत सांगूं लागल्या. नातू आमच्या मुलाजवळ बसून गणितें सोडवूं लागला. घरांत पूर्वींसारखी गडबड असते, आणि कधीं कधीं आमच्या कपाळास आठीही पडते. ती पडली कीं आम्ही त्या पोत्याची आठवण करितों.