फळ्यावरचा तिसरा रकाना



आजच्या शुभवर्तमानात (मत्तय १८:२१-३५) पेत्र प्रभू येशूपुढे हिशेब मांडतो. भावाला क्षमा करायची ती किती वेळा? सात वेळा पुरे ना? आपण मोठा उदार आकडा सांगितला, असे त्याला वाटले असणार. प्रभूने तो आकडा एवढा वाढवला की मोजणाराच थकून जावा, आणि वर त्या चाकराचा दाखला दिला. धन्याने त्याचे १०,००० तालांतांचे कर्ज माफ केले आणि तो बाहेर पडताच १०० दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरू लागला.

हा दाखला वाचताना आम्हाला यंदा मुलांचा एक सामना आठवत राहिला. खेळ बेसबॉलचा. आपल्या धर्मग्रामात क्रिकेटची बॅट नसलेले घर सापडणे कठीण, पण बेसबॉल पाहिलेले थोडेच, म्हणून दोन शब्द आधी सांगतो.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात विल्यम्सपोर्ट नावाचे शहर आहे. १९३९ साली कार्ल स्टॉट्झ या गृहस्थांनी तिथे मुलांसाठी 'लिटल लीग' सुरू केली. १९४७ पासून तिथे ऑगस्ट महिन्यात मोठी स्पर्धा भरते आणि देशोदेशींचे संघ येतात. मुले १२ वर्षांच्या आतबाहेरची. चेंडू फेकणारा मुलगा फलंदाजापासून अवघ्या ४६ फुटांवर उभा असतो (आपली क्रिकेटची खेळपट्टी ६६ फुटांची). फलंदाज ज्या जागेवरून निघतो तिला 'होम' म्हणतात. तीन बेसना वळसा घालून तो पुन्हा होमवर पोहोचला, तरच धाव मिळते. घरातून निघायचे आणि घरी परतायचे. वाटेत कितीही पळाले तरी घर गाठले नाही तर हाती काही नाही.

मैदानावरच्या फळ्यावर प्रत्येक संघापुढे तीन रकाने असतात. पहिला धावांचा, दुसरा फटक्यांचा आणि तिसरा चुकांचा. होय, चुकांचा! झेल सुटला, चेंडू भलतीकडे फेकला गेला, की ती चूक सगळ्या मैदानाला दिसेल अशी आकड्यात लिहिली जाते. क्रिकेटमध्ये निदान एवढे तरी आपण करत नाही. तोंडाने मात्र करतो, त्याविषयी पुढे.

रविवार, २५ ऑगस्ट २०२४. अंतिम सामना. एका बाजूला फ्लोरिडातील लेक मेरी या गावाचा संघ (नाव ऐकून आमचे कान टवकारले, हे कबूल करतो) आणि दुसऱ्या बाजूला तैवान. तैवानने ही स्पर्धा तोवर १७ वेळा जिंकली होती, पण शेवटची १९९६ साली. फ्लोरिडाने एकदाही नाही. सामना ६ डावांचा. तैवानकडे एका धावेची आघाडी होती आणि फेकणारी मुले अशी की ती एक धाव पुरेशी ठरेल असे वाटावे. शेवटच्या, सहाव्या डावात फ्लोरिडाच्या एका मुलाने नेमका फटका मारला, त्याचा सोबती होमवर पोहोचला आणि बरोबरी झाली. सातव्या डावात कोणालाच धाव मिळाली नाही. आठव्यात तैवानचे खेळाडू रिकाम्या हाताने परतले.

फ्लोरिडाची पाळी आली. जादा डावाच्या नियमाप्रमाणे त्यांचा एक मुलगा आधीच दुसऱ्या बेसवर उभा होता. फलंदाजाने बॅट फिरवलीच नाही. आडवी धरली आणि चेंडू हळूच समोर पाडला. याला 'बंट' म्हणतात. असा फटका मारणारा बहुतेक वेळा स्वतः बाद होतो, पण तेवढ्या वेळात त्याचा सोबती एक बेस पुढे सरकतो. या खेळाच्या वहीत अशा फटक्याला सॅक्रिफाइस, म्हणजे बलिदान म्हणतात. आणि त्यासाठी बाद झालेल्या मुलाच्या सरासरीत ते अपयश धरले जात नाही. वेदीवर आपण जो शब्द रोज उच्चारतो तो बेसबॉलच्या वहीत भेटेल, असे आम्हाला वाटले नव्हते.

तैवानच्या खेळाडूने चेंडू उचलला आणि घाईने पहिल्या बेसकडे फेकला. चेंडू कोणाच्याच हाती न लागता मैदानात उजवीकडे निघून गेला. दुसऱ्या बेसवरचा मुलगा तिसरा ओलांडून धावतच राहिला आणि होमवर पोहोचला. २-१. सामना संपला. फ्लोरिडाचे ते पहिले अजिंक्यपद.

पुढच्याच वर्षी, २०२५ साली, तैवानने ही स्पर्धा जिंकली. पण वयाची अट अशी की एका वर्षीच्या मुलांपैकी बहुतेकांना पुन्हा तिथे खेळायला मिळत नाही. एकीकडे पहिल्या विजयाचा जल्लोष, दुसरीकडे तिसऱ्या रकान्यातला एक आकडा. त्या आकड्यामागे एक मूल होते, आणि आठव्या डावापर्यंत सामना खेचून आणणाऱ्यांत तेही होते.

बंधू-भगिनींनो, आम्ही हे सांगतो आहोत त्याला कारण आहे. गेल्या मे महिन्यात चर्चच्या मैदानावर मुलांचे सामने झाले. शेवटच्या षटकात एका मुलाच्या हातून सोपा झेल सुटला आणि त्याचा वाडा हरला. कठड्याबाहेरून जे शब्द आले ते येथे लिहिण्यासारखे नाहीत. शब्द मोठ्या माणसांचे होते. त्यांपैकी काही जण तासाभरापूर्वी मिस्सामध्ये शांतीचे चिन्ह देऊन आले होते. आणि खरे सांगायचे तर, 'अरेरे, एवढाही झेल नाही?' असे मोठ्याने म्हणणाऱ्यांत आम्हीही होतो. ध्वनिक्षेपक आमच्या हातात होता. तो मुलगा वेदीसेवक आहे. पुढचे दोन रविवार तो वेदीवर आला नाही.

आमच्या १०,००० तालांतांचे काय झाले, ते आम्ही कबुलीच्या कोठडीत अनेकदा ऐकले आहे. या मुलाचे कर्ज किती होते? एक झेल.

९ ऑगस्ट २०२२ रोजी टेक्सासमधील वेको येथे याच लिटल लीगच्या एका विभागीय अंतिम सामन्यात टेक्सासच्या मुलाने फेकलेला चेंडू ओक्लाहोमाच्या फलंदाजाच्या थेट डोक्यावरच्या हेल्मेटला लागला. तो जमिनीवर कोसळला. सावरून उठला आणि पहिल्या बेसवर गेला. तिथून पाहतो तर चेंडू फेकणारा मुलगा आपल्या हातून काय झाले या धक्क्याने रडतो आहे. मार लागलेल्या मुलाने हेल्मेट काढून ठेवले, चालत त्याच्यापाशी गेला, त्याला मिठी मारली आणि तू चांगला खेळतो आहेस असे सांगितले. सामना टेक्सासने ९-४ असा जिंकला. मार खाणारा, धीर देणारा मुलगा हरलेल्या संघातला. त्याने आधी क्षमायाचना मागितली नाही. वेळा मोजल्या नाहीत.

पेत्राला हे पुढे स्वतःच शिकावे लागले. कोंबडा आरवला तेव्हा त्याच्या नावापुढे तीन चुका होत्या. पुनरुत्थित प्रभू त्याला तिबिर्याच्या समुद्रकिनारी भेटला तेव्हा निखाऱ्यावर मासळी भाजलेली होती आणि भाकरी होती. आपल्या कोळीवाड्यांतल्या मंडळींना ते चित्र वेगळे समजावून सांगायला नको. प्रभूने आधी जेवायला बोलावले. मग प्रेमाविषयी विचारले, तेही तीन वेळा. अंगणातल्या त्या रात्रीविषयी अवाक्षर काढले नाही.

तिसऱ्या रविवारीही तो मुलगा दिसला नाही, तेव्हा संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. आई ओट्यावर होती. तिने खुर्ची दिली, चहा ठेवला. आम्ही त्या मुलाची माफी मागितली. फादर माफी मागतात म्हटल्यावर तो बिचारा आईकडे बघू लागला. बराच वेळ खाली मान घालून बसला आणि मग म्हणाला, "फादर, ऊन डोळ्यांवर होतं. चेंडू दिसलाच नाही."

तीन आठवड्यांत हे त्याला कोणीच विचारले नव्हते.